रविवारी आलेली पाण्याची पाळी

मंडळीतल्या तरुणांना म्हाताऱ्यांच्या साक्षी ऐकायची फार हौस असते. वर्षातून एकदा तरी कोणी येतं आणि म्हणतं, "बाबा, तुम्ही विश्वासात कसे वाढत गेलात, ते सांगा ना." जणू विश्वास म्हणजे परसातला शेवगा, पाणी घातलं की वाढला. मी गुडघ्यांचं कारण सांगतो, आवाज बसल्याचं सांगतो आणि टाळतो. खरं असं आहे की माझी साक्ष ऐकून कोणाचा विश्वास वाढेल असं मला वाटत नाही. माझाच वाढलेला नाही. आयुष्यभर शिकवत आलो, शिकलो मात्र एकदाच, एका धान पिकवणाऱ्या माणसाकडून. तेही उशिरा, त्याचं घर बसल्यावर.

मालगुजारी, म्हणजे गावोगावच्या जमीनदारांची सत्ता, नुकतीच गेली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो. आईबाप पाहिलेले नाहीत, मिशनच्या बोर्डिंगात वाढलो, शास्त्रशाळेत पहिला आलो. पहिला आल्याचं दिवसातून एकदा तरी कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे. चांद्याच्या पाळकसाहेबांनी मला ब्रह्मपुरीपासून सायकलने दोन तासांवर, वैनगंगेच्या बाजूच्या एका गावात प्रचारक म्हणून नेमलं. गावात एक मोठा तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, थोडी मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, बाकी शेतकरी. मी सकाळी मुलांना अक्षरं शिकवायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. संध्याकाळी ओसरीवर कंदील लावून शास्त्रातल्या गोष्टी सांगायचो. लोक येत, ऐकत, पान खात आणि उठून जात. माणसं प्रेमळ होती, पण ख्रिस्ती व्हायला कोणी तयार नव्हतं.

तीन वर्षांत एकच घर आलं. नवरा, बायको आणि सात वर्षांची एक मुलगी. गावकरी माझी थट्टा करत, "मास्तर, तीन सालात एकच घर? आमचा तेलवाला याच्यापरस जास्त गिऱ्हाईक करते." मी हसायचो, पण आतून जळायचो.

तो माणूस माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणत असे. त्याला वाचायला शिकायचं होतं, आणि शिकायला तो फार संथ होता. एक ओळ वाचायला त्याला अर्धी संध्याकाळ लागे. वाचून झालं की तो गप्प बसून राही, मग काहीतरी विचारी, आणि तोवर मी पुढच्या धड्यावर गेलेला असे. मला त्याचा राग यायचा. मुलगी मात्र चुणचुणीत. बापाची ओळ संपायच्या आत ती पुढची म्हणून टाकायची आणि आई तिच्या पाठीत हळूच चापट मारायची. आई स्वतः दाराशी बसायची. तिला मी कधी काही विचारलं नाही. नवऱ्याला शिकवलं की बायको आपोआप शिकते, अशी आमची त्या वेळची समजूत होती.

त्यांच्याकडून काय काय सोडवायचं याची माझ्याजवळ यादी होती. मंडईच्या जत्रेतलं नाटक पाहणं सोडवलं. मोहाची दारू तर त्याने आधीच सोडली होती. मग मी रविवार धरला. रविवारी नांगर नाही, रोवणा म्हणजे धानाची लावणी नाही, मळणी नाही. प्रभूचा दिवस म्हणजे प्रभूचा दिवस. त्याने ते मानलं. रोवण्याच्या दिवसांत सारा गाव चिखलात वाकलेला असताना हे तिघं धुतलेले कपडे घालून पडवीत बसत. लोक बांधावरून पाहत. मला त्या पाहण्याचं फार सुख वाटे.

दर महिन्याला साहेबांना अहवाल पाठवावा लागे. मी लिहिलं की या कुटुंबाने रविवारचं सगळं काम बंद केलं आहे. वार्षिक सभेत साहेबांनी तो भाग मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "जुन्या मंडळ्यांनी या नव्या घराकडून शिकावं." सगळे मागे वळून माझ्याकडे पाहू लागले. मी मान खाली घातली, नम्रतेने. ती नम्रता किती खोटी होती हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो आलाच नाही. हस्त कोरडा गेला. धान निसवायला आलं, म्हणजे लोंब बाहेर पडायची वेळ, आणि बांध्यांना भेगा. तलावात पाणी बेतासबात. पंचांनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याची चिठ्ठी ज्या दिवशी, त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाणी त्याचं. तलावाचं पाणी सोडायचं काम पाणकराचं. तो सांगेल तसा पाट वळायचा, आणि त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

भाऊची चिठ्ठी रविवारची निघाली.

त्याने दोघा-तिघांना दिवस बदलून मागितला. कोणी तयार होईना. त्यांचाही काही दोष नव्हता, सगळ्यांचंच धान एकदम निसवत होतं आणि पुढे पाणी उरेल याची हमी कोणाला. शनिवारी दिवस कलताना तो माझ्या ओसरीवर आला. मागे बायको, तिच्या मागे पाणकर, आणि काय होतं ते पाहायला आलेली पाच-सहा माणसं.

पाणकर म्हातारा होता, भला होता. तोच आधी बोलला. "मास्तर, याले हात लावाचं कामच नाई. पानी मी सोडतो, पाट मी फोडतो. हा तुमच्यासंगं भजन म्हनत बसन."

मी म्हणालो, "पाणी याच्याच बांधीत जाणार ना? मग काम याचंच झालं. दुसऱ्याच्या हाताने करवलेलं काम देवाला दिसत नाही का?"

लोकांत कुजबुज झाली. मला वाटलं, माझ्या उत्तराने सगळे गार झाले.

बायको पदर सावरून पुढे आली. "मास्तर, धान निसवून राह्यलं जी. आता पानी नाई भेटलं तं..."

मी तिला पुरतं बोलू दिलं नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही. नवऱ्याला म्हणालो, "भाऊ, आठ दिवस थांबलात तर काय बिघडतं? पुढची पाळी घ्या. आणि देव काय झोपला आहे? त्याच्यासाठी ही पाळी सोडलीत तर तो पाणी देईल."

आता हे नीट सांगायला हवं, कारण माझ्या मूर्खपणाचं मूळ इथे आहे. मी ज्वारीच्या मुलखात वाढलो. ज्वारी थांबते. आठ दिवस मान टाकते, एक सर आली की पुन्हा उभी राहते. धान थांबत नाही. लोंब बाहेर पडताना पाणी मिळालं नाही तर मागाहून गंगा आणून सोडली तरी दाणा भरत नाही. तिथल्या सात वर्षांच्या पोरालाही हे कळत होतं. ती बाई तेच सांगायला उभी राहिली होती. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात, तर याला. मूर्खपणाला निदान क्षमा असते. पण त्या वेळी माझ्या मनात देव नव्हताच. पुढच्या महिन्याचा अहवाल होता. हा माणूस रविवारी बांधीत दिसला तर मी साहेबांना काय लिहिणार होतो?

भाऊने माझ्याकडे पाहिलं. मग पाणकराकडे, मग त्या पाच-सहा माणसांकडे. मला वाटलं, नेहमीसारखा संथपणे विचार करतो आहे.

"मास्तर म्हनते तसंच करू," तो म्हणाला.

रविवारी मी त्यांच्या पडवीत उपासना घेतली. त्याची पाळी पंचांनी पुढच्या माणसाला दिली होती. घरामागून पाट जायचा. आमचं भजन चालू होतं आणि मागून पाणी वाहत होतं, त्याच्या बांध्यांच्या कडेने, दुसऱ्याच्या शेताकडे. मुलगी मध्येच उठून पाहायला गेली. आई उठली नाही, गायलीही नाही. भाऊ गात होता. मी त्या दिवशी विश्वासावर तासभर बोललो. माझ्या सगळ्या उपदेशांत तो उत्तम झाला होता, असं मला परतताना वाटलं.

पाऊस आला नाही. आठ दिवसांनी तलावात गाळ उरला. ढिवरांनी उरलेली मासोळी धरली आणि दुसरी पाळी काही लागली नाही. मी रोज गुडघे टेकून प्रार्थना केली. ती प्रार्थना मला शब्दन् शब्द आठवते, आणि आठवली की अंगावर काटा येतो. प्रभू, मला खोटं पाडू नकोस. एवढंच. त्या तिघांच्या पोटासाठी मी एकदाही काही मागितलं नाही.

त्याच्या बांध्यांत लोंबा उभ्या राहिल्या, पांढऱ्या, सरळ. भरलेली लोंब वाकते, ही वाकली नाही. त्याने एक लोंब चुरून माझ्या हातावर ठेवली, तर नुसता कोंडा. वर-खालच्या बांध्यांत थोडंबहुत तरी धान झालं होतं. गावाने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. कोणी ब्र काढला नाही. पाणकराने आपल्या घरचं पायलीभर धान त्यांच्याकडे पोचवलं. मी काय पोचवलं? एक स्तोत्र.

दिवाळीनंतर ते तिघं वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडच्या जंगलात बांबू तोडायला गेले. तशी गावातली पुष्कळ माणसं जात. पण हे कुटुंब कधी गेलं नव्हतं, त्यांच्या बांध्यांवर त्यांचं भागत असे. जायच्या दिवशी मी प्रार्थना करायला गेलो. मुलगी डोक्यावर गाडगं घेऊन उभी होती आणि जंगलात वाघ दिसेल का, असं सारखं विचारत होती. मी अहवालात लिहिलं, कुटुंब कामानिमित्त बाहेरगावी गेले आहे, विश्वासात दृढ आहे.

होळीच्या आधी दोघंच परत आले.

मुलीला थंडीताप आला होता. बांबू तोडणाऱ्यांच्या तळापासून रस्ता दूर, तिथून दवाखाना आणखी दूर. बापाने पाठीवर घेऊन चालायला सुरुवात केली आणि अर्ध्या वाटेत ती गेली. तिथेच जंगलात त्याने खड्डा खणला. प्रार्थना त्यानेच म्हटली, जेवढी आठवली तेवढी. हे त्याने मला माझ्या ओसरीवर बसून सांगितलं, सावकाश, ओळ वाचावी तसं. बायको खाली अंगणात उभी होती.

मग त्याने विचारलं, "मास्तर, आता सांगा. हे काऊन झालं?"

तो क्षण माझ्या हातात होता. मी चुकलो, एवढे दोनच शब्द पुरे होते. मी म्हणालो, "देवाची इच्छा, भाऊ. त्याचे मार्ग आपल्याला कळत नाहीत."

बायको अंगणातूनच निघून गेली. त्यानंतर ती उपासनेला आली नाही. तो येत राहिला. पडवीत मी आणि तो, दोघंच. मी बोलायचो, तो ऐकायचा. त्याच्या तोंडाकडे पाहून बोलणं मला जमेना, म्हणून मी मागच्या भिंतीकडे पाहून बोलायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

वर्षभराने माझी बदली झाली. मी स्वतःच मागून घेतली होती, हे कोणाला सांगितलं नाही. गडचिरोलीकडे गेलो, तिथे मंडळी मोठी होती. लोक म्हणत, मास्तर शिकवतात छान. शिकवायचोच छान. पण शास्त्र उघडलं की मला दुसरं काही दिसेनासं झालं. जिकडे पाहावं तिकडे तो रविवार. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी येशूने वाळल्या हाताचा माणूस बरा केल्याची गोष्ट मी शंभरदा शिकवली होती. शब्बाथालाच कणसं मोडून खाणाऱ्या भुकेल्या शिष्यांची शिकवली होती. परीक्षेत यावर प्रश्न आला होता आणि पूर्ण गुण मिळाले होते. मग त्या ओसरीवर यातलं एकही अक्षर मला का आठवलं नाही? प्रार्थना करायला बसलो की जीभ जड व्हायची. मी देवाला हाका मारत होतो आणि तिकडून काही येत नव्हतं. पुढे पुढे मी हाका मारणंही सोडलं आणि नुसता डोळे मिटून बसू लागलो. लोकांना वाटे, मास्तर ध्यानात आहेत.

एकदा चांद्याला गेलो असताना मी साहेबांजवळ सगळं ओकलो. ते म्हणाले, "शेतीत नुकसान होतच असतं. ताप तर सगळ्याच पोरांना येतो. तुम्ही तत्त्व सोडलं नाही, हे महत्त्वाचं. सैतान मनाला टोचणी लावतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका." मी बाहेर आलो आणि व्हरांड्यात उभा राहून रडलो. मला शिव्या हव्या होत्या, आणि त्यांनी शाबासकी दिली.

त्या रविवारनंतर पाचव्या वर्षी मात्र राहवेना. वडशापर्यंत मोटारीने गेलो, तिथे एकाची सायकल मागून घेतली आणि दुपारी त्या गावात पोचलो. भाऊ अंगणात बसून अंबाडीचा दोर वळत होता. केस पांढरे झाले होते. बायको सुपात तांदूळ पाखडत होती. तिने मला ओळखलं, सूप थांबवलं नाही.

त्याने बाज पुढे सरकवली. मी पाऊसपाण्याचं विचारलं, पाणकराचं विचारलं, तो वारला होता. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. शेवटी तोच म्हणाला, "मास्तर, बोला ना. इतक्या दुरून आले."

मी बोललो. मी चुकलो होतो, म्हणालो. पाणी घ्यायला हरकत नव्हती, देवाने ते मागितलंच नव्हतं, मी मागितलं होतं, माझ्या नावासाठी. मुलगी गेली ती माझ्यामुळे गेली.

त्याचा दोर वळणारा हात थांबला. "मास्तर, मले त्याच दिशी ठाऊक होतं," तो म्हणाला.

मला कळेना. "काय ठाऊक होतं?"

"पानी घेतलं असतं तं देव रागावला नसता, हे. तुमीच तं शिकवलं होतं. खड्ड्यात पडलेलं मेंढरू शब्बाथालेबी बाहेर काढा लागते, म्हनून. थे एकच पान वाचाले मले चार दिवस लागले होते, भुलीन कसा?"

"मग पाणी का नाही घेतलंत?"

तो माझ्याकडे न पाहता बोलू लागला. "सारा गाव उभा होता जी. सगळ्यांसमोर तुमी पानकराले नाई म्हनलं. मंग म्यां पाट फोडला असता, तं तुमचं काय राह्यलं असतं गावात? तीन सालात एक घर, थेबी तुमचं आयकत नाई. लोक हासले असते. तुमाले ना माय ना बाप, कोन होतं तुमाले इथी? म्हनलं, एका सालाचं धान गेलं तं गेलं. आपन आपल्या भावासाठी जीव द्यावा, हेबी तुमीच शिकवलं होतं." मग जरा थांबून म्हणाला, "पोरीचं मले तवा समजलं नाई. समजलं असतं तं पाट फोडला असता."

मी बाजेवर बसून राहिलो. ज्याला मी संथ समजलो त्याने ते शास्त्र वाचून आपल्या रक्तात मुरवलं होतं, आणि मी पूर्ण गुण मिळवून मोकळा झालो होतो. त्या शनिवारी ओसरीवर ख्रिस्ती माणूस एकच होता आणि तो मी नव्हतो. त्याने माझ्यासाठी जे केलं ते मला नको होतं, मी त्याला लायक नव्हतो, आणि परत देताही येत नव्हतं. याचा आनंद व्हावा अशी आमची शिकवण आहे. मला झाला नाही. आजतागायत झालेला नाही. मला फक्त एवढंच वाटलं, वाटतं, की असं प्रेम माझ्यासारख्या माणसावर वाया गेलं आणि एका लेकराला त्यात जीव गमवावा लागला.

मी उठलो आणि तिच्याजवळ गेलो. हात जोडले. "बाई, त्यांनी माफ केलं. तुम्ही मला माफ कराल का?"

तिने सूप खाली ठेवलं. पाच वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलत होती, आणि तिच्या आवाजात राग नव्हता.

"मास्तर, पानी घेऊ का नोको, हे तवा मले कोनी इचारलं नाई. तुमीबी नाई अन् यानंबी नाई. दोघायनंच ठरवलं. मंग आता माफी देऊ का नोको, हे मलेच काऊन इचारता?"

भाऊने मान खाली घातली. ती सूप उचलून घरात गेली, आणि अंगणात आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता तसेच राहिलो.